शहाणपण मागताना

प्रार्थनेत शब्द सुचत नाहीत म्हणतोस ना? मग बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय उघड, 17 ते 19 वचनं. प्रेषित पौल तिथे ख्रिस्ती मंडळीसाठी पैसाअडका मागत नाही. देवाची ओळख पटावी, अंतःचक्षू उघडावेत, हे मागतो. 'तुम्हांला' आहे तिथे 'मला' घालून सावकाश म्हण. एका बैठकीला एकच वचन पुरे. मी सुरुवातीला पाच-पाच अध्याय उरकायचो, उठल्यावर काही आठवायचं नाही! मग दोन मिनिटं गप्प बस. खरं तर हेच जड जातं. मागायला संकोचू नकोस, बायबलमधल्याच याकोबाच्या पत्रातलं 1:5 वाच: शहाणपण मागणाऱ्याला देव दोष न लावता देतो. उत्तर तिथल्या तिथे मिळेलच असं नाही. मला ते बहुधा कुणाशी तरी वाजल्यावर, माफी मागायला निघताना उमगलंय.