जमत नाही, म्हणजे नेमके काय जमत नाही?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

इंग्रजीत ज्याला ‘ग्रोथ माइंडसेट’ म्हणतात त्याविषयी वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आपली क्षमता जन्मतःच ठरून गेलेली नसून योग्य रीतीने शिकल्यास ती वाढू शकते, असे मानून वागणे, हा त्याचा थोडक्यात अर्थ. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ कॅरल ड्वेक यांच्या संशोधनामुळे हा शब्दप्रयोग जगभर पोहोचला. मराठीत त्याला ‘वर्धिष्णू मनोवृत्ती’ म्हणावे असे मला वाटते. शिवरायांच्या राजमुद्रेमुळे ‘वर्धिष्णू’ हा शब्द आपल्या कानांना परका नाही, आणि प्रतिपदेची चंद्रकोर एका रात्रीत पौर्णिमेची होत नाही हेही त्यात आपसूक येते. आलेल्या पत्रांपैकी तीन येथे घेतली आहेत.

प्रश्न : माझे वय ४७ असून मी कराडजवळच्या एका पतसंस्थेत २२ वर्षे लिपिक होते. रोजकीर्द, खतावणी, जमा-नावेच्या बेरजा जुळवणारी तेरीज ही कामे माझ्या हातून कधी अडली नाहीत. गेल्या वर्षी बढती मिळाली आणि थकबाकीचा मासिक तक्ता एक्सेलमध्ये करण्याचे काम माझ्याकडे आले. दोनदा वर्ग लावले, तरी जमत नाही. परवा ४० सभासदांची थकबाकी दुसऱ्या यादीतून उचलून तक्त्यात घेतली, तर बेरीज शून्य आली. धाकट्या सहकाऱ्याने येऊन काहीतरी दाबले आणि बेरीज बरोबर आली. त्याने काय केले हे विचारायची मला लाज वाटली. एका व्याख्यानात ऐकल्याप्रमाणे ‘मी करू शकते’ असे तीन महिने रोज सकाळी आरशासमोर म्हटले, पण फरक पडला नाही. या वयात नवे शिकता येते का, की माझी मूळची बुद्धीच तोकडी आहे?
— एक वाचक भगिनी, कराड

उत्तर : आरशासमोर तीन महिने न चुकता उभे राहण्याची चिकाटी आपल्याकडे आहे, ती चुकीच्या जागी खर्च झाली एवढेच. आधी त्या शून्याचे पाहू. दुसरीकडून उचललेले आकडे पुष्कळदा तक्त्यात आकडे म्हणून उतरत नाहीत, मजकूर म्हणून उतरतात. डोळ्यांना ते आकड्यांसारखेच दिसतात, परंतु एक्सेल त्यांना अक्षरे समजते आणि बेरजेत धरत नाही. ओळखण्याची खूण सोपी आहे : खरे आकडे चौकटीत उजवीकडे टेकतात, मजकूर झालेले आकडे डावीकडे टेकतात, आणि बहुधा चौकटीच्या डाव्या वरच्या कोपऱ्यात एक बारीक हिरवा त्रिकोण दिसतो. ते आकडे निवडले की शेजारी सूचनेचे चिन्ह येते. ते दाबल्यावर त्यांचे अंकांत रूपांतर करण्याचा पर्याय मिळतो. आपल्या सहकाऱ्याने बहुधा हेच केले असावे. एका मिनिटात समजणारी ही गोष्ट, आणि तिच्यावरून आपण स्वतःच्या बुद्धीचा निकाल लावून मोकळ्या झालात.

आता जरा आपली जुनी खतावणी आठवा. तेरीज जुळली नाही आणि फरकाला ९ ने पूर्ण भाग गेला, तर कुठेतरी अंकांची अदलाबदल झाली असावी, ५४ च्या जागी ४५ पडले असावेत, हे मुरलेल्या लिपिकाला ठाऊक असते. तेव्हा तेरीज जुळली नाही म्हणून आपण ‘माझी बुद्धी तोकडी’ असे म्हटले नसेल. फरक किती, तो कोणत्या पानावर, कोणत्या नोंदीत, असा माग काढत गेला असाल. चूक हा तेव्हा माग होता. संगणकासमोर बसताच तीच चूक आपल्याला प्रगतिपुस्तकातला शेरा वाटू लागली आहे. वर्धिष्णू मनोवृत्ती नावाची जी गोष्ट आपण व्याख्यानांतून शोधत आहात, ती २२ वर्षे आपल्या हाताशीच होती. फक्त कागदावरून पडद्यावर येताना मागे राहिली.

वयाबद्दल खोटा दिलासा देत नाही. वय वाढते तसा शिकण्याचा वेग मंदावतो आणि नवी गोष्ट पक्की व्हायला जास्त वेळा करावी लागते. मात्र शिकणे थांबत नाही. लंडनमध्ये टॅक्सीचा परवाना हवा असेल तर शहरातील सुमारे २५,००० रस्ते तोंडपाठ करावे लागतात आणि त्याला साधारण तीन-चार वर्षे जातात. या परीक्षेची तयारी करणाऱ्या प्रौढ उमेदवारांच्या मेंदूच्या प्रतिमा आधी आणि नंतर घेऊन केलेले एक संशोधन २०११ मध्ये प्रसिद्ध झाले; जे उत्तीर्ण झाले त्यांच्या मेंदूतील वाटांच्या स्मरणाशी संबंधित भागात वाढ दिसली, जे उत्तीर्ण झाले नाहीत त्यांच्यात ती दिसली नाही. आपल्याला २५,००० रस्ते पाठ करायचे नाहीत. थकबाकीच्या तक्त्याला फार तर दहा-बारा कृती लागतात.

त्यासाठी एक दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर ‘मी काय केले आणि पडद्यावर काय दिसले’ एवढेच लिहा. उजवे पान कारण सापडेपर्यंत कोरे ठेवा. कारण सापडले नाही तर सहकाऱ्याला विचारा, पण ‘मला हे येत नाही, करून दे’ असे न म्हणता ‘हे आकडे डावीकडे का टेकले आहेत?’ असे विचारा, आणि तो सांगत असताना माऊस आपल्याच हातात ठेवा. तरुण मुले मदत करायला येतात ती माऊस हिसकावूनच. त्यांचा हेतू चांगला असतो, शिकणे मात्र त्यांचेच होते. विचारण्याची लाज ही आपल्या एकटीची अडचण नाही, कार्यालयाचीही आहे. अमेरिकेत नववीच्या सुमारे १२,००० विद्यार्थ्यांवर झालेल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१९ मध्ये आले. क्षमता वाढू शकते हे सांगणारा तासाभराहून कमी वेळाचा पाठ दिल्यावर अभ्यासात मागे असलेल्या मुलांचे गुण थोडेसे सुधारले, आणि जिथे सोबतच्या मुलांमध्ये अवघड आव्हान घेणे रुळलेले होते तिथे हा परिणाम अधिक दिसला. ‘थोडेसे’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण या विषयावरील व्याख्यानांत तो नेमका गळतो. पतसंस्थेत दर शनिवारी पंधरा मिनिटे ‘या आठवड्यात काय अडले’ असे सर्वांनी सांगण्याची प्रथा आपण वरिष्ठ म्हणून सुरू करू शकता. पहिली अडचण आपण स्वतःची सांगा.

प्रश्न : मी ३१ वर्षांचा असून मूळचा लातूर जिल्ह्यातील आहे. सहा वर्षे पुण्यात राहून राज्यसेवेची तयारी करत आहे. चार वेळा पूर्वपरीक्षा दिली. एकदाच मुख्य परीक्षेपर्यंत गेलो. अभ्यासिकेत रोज दहा तास बसतो. घरी वडील म्हणतात, ‘प्रयत्ने वाळूचे कण रगडिता तेलही गळे.’ मार्गदर्शक म्हणतात, ‘मनोवृत्ती वर्धिष्णू ठेव, यश येणारच.’ थांबण्याचा विचार मनात आला की मीच हार मानणाऱ्या मनाचा आहे असे वाटते. काय करावे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : वडिलांचा मान राखून सांगतो, ती ओळ आपण सगळेच अर्धवट उद्धृत करतो. त्या श्लोकात वाळूतून तेल निघणे हे अशक्याचे उदाहरण म्हणून आले आहे : एक वेळ तेही घडेल, पण मूर्खाचे मन वळवता येणार नाही, असा त्याचा शेवट आहे. प्रयत्नवादाचे प्रमाणपत्र म्हणून तो श्लोक फारसा उपयोगाचा नाही.

तुमच्या मार्गदर्शकांनी दोन वेगळ्या गोष्टी एकत्र केल्या आहेत. तुमची क्षमता वाढणे तुमच्या हातात बरेचसे आहे, पण जागा किती निघतील आणि तुमच्यापुढे किती जण असतील हे तुमच्या मनोवृत्तीवर ठरत नाही. उत्तम तयारी झालेले कितीतरी उमेदवार दरवर्षी बाहेर राहतात, ते केवळ जागा कमी असल्यामुळे. तेव्हा ‘यश येणारच’ हे वाक्य वर्धिष्णू मनोवृत्तीत बसत नाही. ‘पुढच्या वेळी मी आजच्यापेक्षा चांगला पेपर लिहीन’ हे बसते, आणि त्याचीही खात्री नुसत्या तासांनी होत नाही.

१९८० मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग सांगतो. सामान्य स्मरणशक्तीच्या एका अमेरिकी विद्यार्थ्याला एकेक अंक वाचून दाखवत आणि तो ते क्रमाने परत सांगे. सुरुवातीला त्याला सातच अंक लक्षात राहत; सुमारे २३० तासांच्या सरावानंतर तो ८० च्या आसपास अंक सांगू लागला. तो धावपटू होता, म्हणून अंकांचे गट करून त्यांना शर्यतीतल्या वेळा म्हणून लक्षात ठेवण्याची युक्ती त्याने काढली आणि एक युक्ती थकली की दुसरी रचली. गंमत अशी की अंकांऐवजी अक्षरे दिल्यावर तो पुन्हा सहाच्या आसपास आला. वाढली होती ती पद्धत; नुसत्या बसण्याने काही वाढले नव्हते.

म्हणून तुमच्या दहा तासांबद्दल मला कौतुक नाही, कुतूहल आहे. चार प्रयत्नांच्या गुणपत्रिका शेजारी-शेजारी ठेवा आणि प्रत्येक वर्षी तुम्ही कोणती पद्धत बदललीत ते त्यांच्याखाली लिहा. सराव परीक्षेतील चुकलेल्या प्रश्नांची तीन ढिगांत वाटणी करा : मुळात माहीत नव्हते, माहीत होते पण दोन पर्यायांत घोटाळा झाला, माहीत नसताना ठोकले. पूर्वपरीक्षेत चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाचे पाव गुण जातात, म्हणजे चार चुकीची उत्तरे एक बरोबर उत्तर खाऊन टाकतात. तिसरा ढीग मोठा असेल तर आणखी पुस्तके वाचून तो कमी होणार नाही. प्रश्न सोडून द्यायला शिकावे लागेल. दुसरा मोठा असेल तर नवे संदर्भग्रंथ बंद करून तेच टिपण पुन्हा पुन्हा, न बघता आठवून काढावे लागेल. शिवाय २०२५ पासून मुख्य परीक्षा वर्णनात्मक झाली आहे. पर्याय निवडण्यात मुरलेला हात सलग उत्तर लिहायला बसला की अडखळतो, आणि आपले उत्तर आपल्यालाच नेहमी बरे दिसते. आठवड्याला चार उत्तरे दुसऱ्या कोणाकडून, शक्यतो स्पष्टवक्त्या माणसाकडून, तपासून घेत नसाल तर दहा तासांतले सगळ्यात महत्त्वाचे काम राहूनच जात आहे.

थांबण्याविषयी. खुल्या प्रवर्गासाठी ३८ आणि मागासवर्गीयांसाठी ४३ ही वयोमर्यादा दयाळू आहे तशीच घातकही आहे. दार उघडे असल्यामुळे माणूस उंबरठ्यावरच बसून राहतो. निकालाच्या दिवशी, दुखावलेल्या मनाने हा निर्णय घेऊ नका. आज, शांत असताना, एक तारीख आणि एक अट कागदावर लिहा : अमुक प्रयत्नापर्यंत गुणांत इतकी वाढ दिसली नाही तर मी दुसरे काम धरीन. कागद वडिलांना दाखवा. सहा वर्षांत तुम्ही राज्यघटना, अर्थव्यवस्था, महाराष्ट्राचा इतिहास शिकलात आणि नेमके लिहायला शिकत आहात. हे ज्ञान अभ्यासिकेच्या कुलपात राहत नाही. आपण काही शिकू शकत नाही अशी समजूत करून घेणे म्हणजे हार. एका परीक्षेची फाईल बंद करण्याला मी हार म्हणणार नाही.

प्रश्न : आमची मुलगी पाचवीत आहे. लहानपणापासून सगळे तिला ‘हुशार’ म्हणतात. आता शिष्यवृत्तीच्या परीक्षेची अवघड गणिते दिली की ती वही मिटते आणि पोट दुखते म्हणते. कौतुक कमी पडते आहे का?
— एक पालक, नाशिक

उत्तर : कौतुक कमी नाही, त्याचा पत्ता चुकला आहे. ड्वेक आणि क्लॉडिया म्यूलर यांचे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेले प्रयोग नेमके तुमच्या मुलीच्या वयाच्या मुलांवर होते. काही कोडी सुटल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ आणि काहींना ‘तू मेहनत घेतलीस’ असे सांगण्यात आले. पुढे हुशारीचे कौतुक झालेल्या मुलांचा कल सोप्या कामाकडे गेला, अवघड कोड्यांत अपयश आल्यावर त्यांची कामगिरी घसरली आणि स्वतःचे गुण वाढवून सांगणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. ज्या मुलीची ओळखच ‘हुशार’ ही आहे, तिने अवघड गणित हाती घेणे म्हणजे ती ओळख पणाला लावणे. त्यापेक्षा पोट दुखलेले परवडते.

पण आता ‘किती मेहनत घेतलीस!’ असा घोषा लावू नका. गणित सुटलेले नसताना मेहनतीचे कौतुक केले तर मुलांना त्यातली कीव बरोबर कळते. कौतुकाऐवजी चौकशी करा. ‘कुठपर्यंत आलीस? इथे भागाकार का केलास?’ असे विचारा आणि उत्तर येईपर्यंत गप्प बसा. हे गप्प बसणे पालकांना सर्वांत जड जाते. खोडरबर काही दिवस कपाटात ठेवा. चुकलेली पायरी एका रेघेने खोडून तिच्याखालीच पुन्हा मांडायची, असा घरात नियम करा, म्हणजे वहीत चूकही दिसेल आणि ती कशी दुरुस्त झाली तेही. आणि तुम्हाला स्वतःला न सुटलेले एखादे गणित रात्री जेवणानंतर तिच्यासमोर घेऊन बसा. अडलात तर अडल्याचे मोठ्याने सांगा; वही मिटू नका.