'पोक्त' म्हणजे म्हातारा नव्हे

नाशिकच्या सिडकोतून एका वाचकांनी विचारलंय: 38 वर्षांच्या मुख्याध्यापिकेच्या मानपत्रात 'प्रौढ विचारांच्या' लिहावं, 'परिपक्व' की 'पोक्त'? 'पोक्त' लिहिलं तर बाईंना वयस्कर ठरवल्यासारखं होईल, ही त्यांची धास्ती.

धास्ती समजते, पण त्यात शब्दावर अन्याय होतो. 'पोक्त' आला फारसी 'पुख्ता'वरून. मूळ अर्थ शिजलेला, पिकलेला. संस्कृत 'पक्व' निघाला 'पच्' धातूपासून, त्याचाही अर्थ तोच. फारसी आणि संस्कृत एकाच भाषाकुळातल्या, त्यामुळे 'पोक्त' आणि 'परिपक्व' ही मुळात भावंडंच. 'प्रौढ' निराळ्या घरचा: प्र + ऊढ, 'वह्' धातूवरून, पूर्ण वाढीला गेलेला. म्हणून 'प्रौढ शिक्षण' म्हणतात, 'पोक्त शिक्षण' नाही. 'सज्ञान' तर निव्वळ तारखेचा शब्द. 18 पूर्ण झाली, की सातबाऱ्यावरची 'अ.पा.क.', म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही नोंद अर्ज करून कमी करता येते.

पोक्तपणाला अशी तारीख नसते. निफाड-दिंडोरीकडच्या बागाईतदाराला विचारा. केळी, आंबे तोडून पिकवता येतात; द्राक्ष तोडलं की पिकणं थांबलं. आंबट घड कितीही दिवस ठेवा, गोडी वाढत नाही, ती वेलीवरच उतरावी लागते. माणसालाही वर्षं जावी लागतातच, पण त्या वर्षांत तो कशाला चिकटून राहिला हे जास्त महत्त्वाचं. घरातलं लांबलेलं आजारपण, भावाभावांतली वाटणी, हाताखालच्याची चूक पोटात घालणं, आपलाच हट्ट सोडणं, हे ज्याच्या वाट्याला लवकर आलं आणि ज्याने ते टाळलं नाही, तो तिशीतच पोक्त होतो. अशांनाच आपण 'वयाच्या मानाने पोक्त' म्हणतो. 'वयाच्या मानाने प्रौढ' म्हटलं तर चेहऱ्याविषयी बोलल्यासारखं वाटेल. उलट, साठी उलटलेल्या माणसाविषयीही 'त्याला पोच नाही' असं घरचेच बोलतात.

आता मानपत्राचं. 'पोक्त बाई' असं थेट व्यक्तीला लावलं की वय ऐकू येतं, तेवढं टाळा. विचार, सल्ला, निर्णय यांना लावलं की समज ऐकू येते. 'अडचणीच्या वेळी त्यांचा पोक्त सल्ला शाळेला मिळत आला' असं बिनदिक्कत लिहा. 'परिपक्व' चूक नाही, पण भाषणांत वापरून वापरून तो फार गुळगुळीत झालाय.