मायनर, ओपन इलेक्टिव्ह आणि ‘एका वर्षाचं सर्टिफिकेट’: विद्यार्थी-पालकांचे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की तेच ते प्रश्न येऊ लागतात. म्हणून या वेळी उत्तरं एकत्र देत आहे.

एबीसी आयडी काढून द्यायला नेट कॅफेवाला तीनशे रुपये मागतो. द्यावेत का?

नाही. एबीसी आयडी म्हणजे तुमचे श्रेयांक (क्रेडिट) जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक. तो डिजिलॉकरवर स्वतः काढा, फुकट निघतो. मात्र आधारवरचं आणि मार्कशीटवरचं नाव जुळतंय ना, ते आधी पाहा.

बी.ए.ला अर्थशास्त्र मेजर घेतलंय. ओपन इलेक्टिव्हला राज्यशास्त्र घेऊ का? सीनियर म्हणतात, स्कोरिंग आहे.

घेता येणार नाही. ओपन इलेक्टिव्ह, म्हणजे खुला निवड विषय, मेजरच्या (मुख्य विषयाच्या) विद्याशाखेबाहेरचाच लागतो, आणि हे दोन्ही विषय एकाच विद्याशाखेतले. तुमचे सीनियर जुन्या पॅटर्नचे असतील. संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शिक्षण धोरणाची नवी रचना २०२४-२५ पासून आली. कॉलेज देत असेल तर राज्यशास्त्र मायनरला, म्हणजे दुय्यम विषय म्हणून घ्या, पण ते आवडतं म्हणून घ्या. फॉर्म भरण्याआधी विभागप्रमुखांना भेटा.

मुलगी बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. एका वर्षात सर्टिफिकेट मिळतं असं ऐकलं. ते घेऊन थांबवलं तर चालेल का? पुढचं नंतर बघू. (एक पालक, जालना जिल्हा)

नियमात बसतं, तरी थांबवू नका. या प्रश्नाला मी थोडक्यात उत्तर देणार नाही, कारण आलेल्या सगळ्या पत्रांत याच पत्रानं मला अस्वस्थ केलं.

पहिली गोष्ट, वर्ष संपलं की सर्टिफिकेट आपोआप हातात पडत नाही. ४४ श्रेयांक पूर्ण व्हावे लागतात, शिवाय ४ श्रेयांकांचा कौशल्य अभ्यासक्रम किंवा इंटर्नशिप वेगळी करावी लागते. दुसरं, त्या सर्टिफिकेटनं कुणी पदवीधर होत नाही. राज्यसेवा असो की बँकेतली क्लार्कची जागा, अर्ज करायलाच पदवी लागते आणि ती १३२ श्रेयांकांनी, तीन वर्षांनी मिळते. ‘वर्षात नोकरी’ असं सांगत फिरणारे क्लासवाले हे सांगत नाहीत.

आणि ते ‘नंतर बघू’. परत यायचं तर तीन वर्षांच्या आत, आणि पदवी एकूण सात वर्षांत पूर्ण व्हायला हवी. मुलगी घरी बसली की स्थळं येऊ लागतात, मग संसार, मग मूल. तीन वर्षं कशी जातात कळतही नाही. शिक्षण मध्येच सोडून गेलेल्या मुली वर्गात परत आलेल्या मी फार थोड्या पाहिल्या आहेत. ही सोय नाइलाजानं थांबावं लागलेल्यांचे कष्ट वाया जाऊ नयेत म्हणून आहे. मुलीला थांबवण्यासाठी ती वापरू नका. अडचण पैशाची असेल तर याच आठवड्यात कॉलेजच्या शिष्यवृत्ती विभागात जा, महाडीबीटी या राज्याच्या पोर्टलवरची कोणती योजना लागू होते ते विचारा. मुदत संपल्यावर हळहळून उपयोग नाही. आणि मुलीला काय हवंय, तेही एकदा विचारा.

किनवटहून पुण्यात आलोय, कॉट बेसिसवर राहतो. वर्गात सगळे इंग्रजीत बोलतात, काही समजत नाही. दिवाळीनंतर परत जावं म्हणतो.

पहिलं सेमिस्टर संपेपर्यंत निर्णय घेऊ नका. जे समजलं नाही ते तास संपल्यावर सरांना मराठीत विचारा, त्यात कमीपणा नाही. माध्यम इंग्रजी असलं तरी स्थानिक भाषेत पेपर लिहू द्या, असं यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २०२३ मध्ये विद्यापीठांना सुचवलं आहे. तुमच्याकडे परवानगी आहे का, ते परीक्षा विभागात विचारा. कॉलेजच्या ‘कमवा व शिका’ योजनेत नाव घाला. चार पैसे मिळतील आणि आपल्यासारखी मुलंही भेटतील. झोप, जेवण तुटलं असेल तर मात्र वाट पाहू नका: कॉलेजच्या समुपदेशकांना भेटा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर फोन करा.

प्रवेश रद्द करायचाय, पण संस्थेनं मूळ मार्कशीट ठेवून घेतली. एजंट म्हणतो, महिनाभर थांबा.

अजिबात थांबू नका. मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायला यूजीसीनं २०१८ पासून मनाई केली आहे. त्याच नियमानुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेनंतर दिवस जातील तशी परत मिळणारी फी घटत जाते, आणि तीस दिवस उलटले की काहीच मिळत नाही. एजंट तुम्हाला नेमकं तेवढंच थांबायला सांगतोय. आजच प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या. दाद मिळाली नाही तर ती पोच घेऊन विद्यापीठाच्या तक्रार निवारण कक्षात जा.