सीतेच्या आसवांवर किडे का दिसत नाहीत?

प्रश्न : सप्टेंबरात कास पठारावर गेलो होतो. दवबिंदू या कीटकभक्षी झाडाच्या पानांवर चिलटं चिकटलेली दिसली; पण सीतेची आसवे ही रानफुलं कितीही न्याहाळली तरी एकही किडा सापडला नाही. तीही कीटकभक्षीच ना? आणि दवबिंदू कुंडीत लावला तर घरातले डास कमी होतील का? – एक वाचक, सांगली

उत्तर : कीटकभक्षीच. पण तुम्ही फुलं बघत बसलात आणि सापळे तुमच्या बुटांखाली होते! निळंजांभळं फूल परागीभवनापुरतं. त्यावर बसलेला किडा खुशाल उडून जातो. शिकार चालते ती ओल्या मातीत. तिथे या झाडाला मोहरीहूनही बारीक फुगे असतात. फुगा आतलं पाणी बाहेर टाकत राहतो, त्यामुळे त्याच्या भिंती आत ओढल्या जातात. दाराजवळच्या केसांना एखाद्या सूक्ष्म जलजीवाचा धक्का लागला, की दार आत उघडतं आणि पाण्याच्या लोंढ्याबरोबर तोही आत. सगळा खेळ सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आत आटोपतो. १८७५ साली कीटकभक्षी वनस्पतींवर अख्खं पुस्तक लिहिणाऱ्या डार्विनलाही हे उमगलं नव्हतं; किडे डोकं खुपसून आपणहून घुसतात, असं त्याला वाटलं. मी विद्यार्थ्यांना हा फुगा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवायचो. आत पाय झाडणारा पाणपिसू दिसला, की मागच्या बाकावरचेही पुढे यायचे.

म्हणजे भक्ष्य ठरतं ते सापळा कुठे आहे त्यावरून. दवबिंदूतच बघा ना. एक जात जमिनीलगत रुपयाएवढी पसरते, तिच्यावर मुंग्यांसारखं सरपटणारं काहीबाही अडकतं. कडेचे केस तर काही सेकंदांत आत वळतात. दुसरी, गवती दवबिंदू, उभी वाढते. तिच्या लांब चिकट पानांवर उडती चिलटं सापडतात. मोठी माशी मात्र बहुधा निसटते.

डासांचं म्हणाल, तर नाद सोडा. एवढंसं झाड खाऊन खाऊन किती खाणार? कासच्या जांभा खडकावर नायट्रोजनची वानवा, म्हणून तर त्याला ही शिकार करावी लागते. शेणखताच्या कुंडीत ते मरतं, नळाच्या क्षारयुक्त पाण्यानेही खंगतं. पठारावरून रोप उपटून तर आणूच नका. त्यापेक्षा दहापट मोठं दाखवणारं भिंग न्या आणि कडेच्या वाटेवर बसून पानावरची चिलटं बघा. डासांना मच्छरदाणी आहेच.