चाळीसगावहून कन्नड घाट चढताना स्विफ्ट फार झुकते. जाड स्वे बार बसवू का?
स्वे बार म्हणजे डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडून गाडीचं झुकणं रोखणारी स्टीलची दांडी. जाड घेतला तर झुकणं कमी होईल भाऊ, पण लगेच बार मागवू नका, आधी आहे त्या बारचे बुश (बार धरणारे रबरी तुकडे) आणि लिंक रॉड (बारची टोकं सस्पेन्शनला जोडणाऱ्या छोट्या दांड्या) तपासा. धुळ्यात सस्पेन्शनचंच काम करतो. झुकते म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांत बार धडधाकट असतो, बुशचं रबर मात्र कडक होऊन फाटलेलं असतं. लिंक रॉड हाताने हलवून बघा, टकटक वाजला तर गेला. हे बदलूनही समाधान नाही झालं तर मग बार. भरीव बारचा ताठपणा जाडीच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे २२ ऐवजी २४ मिमी घेतला की जवळपास ४० टक्के जास्त. दोन मिलीमीटरला हसू नका! फक्त पुढचा बार जाड केला तर पुढची चाकं ओढणारी ही गाडी वळणावर आणखी बाहेर जाते, म्हणून लोक मागच्या अ‍ॅक्सल बीमला, म्हणजे मागची दोन चाकं जोडणाऱ्या आडव्या तुळईला, बार लावतात. बसवताना पुढची दोन्ही चाकं एकदम उचला, एकच उचललं तर बार पिळलेला राहतो आणि बोल्ट निघता निघत नाही. बुश धरणारे क्लॅम्प शेवटचे आवळायचे ते गाडी चाकांवर उभी असताना. रबरी बुशला साधं ग्रीस नको, सिलिकॉनचं लावा. एक मात्र आहे, मागचा बार फार ताठ घेतलात तर पावसाळ्यात ओल्या वळणावर अ‍ॅक्सिलरेटर एकदम सोडताच मागची बाजू सरकू शकते. टायर गुळगुळीत झाले असतील तर पैसे आधी तिकडे घाला.