शब्दशंका : ‘अँटिसिपेशन’, ‘वेट’ आणि आपली ‘वाट’

प्रश्न : वडिलांच्या जुन्या कागदपत्रांत त्यांनी टंकलिखित केलेल्या अर्जांच्या प्रती सापडल्या. प्रत्येक अर्जाच्या शेवटी ‘थँकिंग यू इन अँटिसिपेशन’ असे आहे. शब्दकोशात या शब्दाचा अर्थ ‘अपेक्षा’ असा दिला आहे. मग ‘एक्स्पेक्टेशन’ म्हणजे काय? तसेच इंग्रजी ‘वेट’ हा आपल्या ‘वाट’वरूनच आला, असे एका परिचितांनी सांगितले. ते खरे आहे का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : आपल्या वडिलांनी तो शब्द त्याच्या जुन्या अर्थाच्या अगदी जवळ वापरला आहे. लॅटिनमध्ये ‘आन्ते’ म्हणजे आधी आणि ‘कापेरे’ म्हणजे घेणे. त्यामुळे ‘अँटिसिपेट’ करणे म्हणजे एखादी गोष्ट घडण्यापूर्वीच तिला हाती धरणे, तिच्याआधी पाऊल उचलणे. साहेबांनी अर्ज मंजूर करण्याआधीच त्यांचे आभार मानून मोकळे होणे, हे त्याचे नमुनेदार उदाहरण. (त्या आगाऊ आभारांत थोडा आगाऊपणाही आहे, पण तो रूढीने माफ झाला.) आपण ज्याला अटकपूर्व जामीन म्हणतो, त्या ‘अँटिसिपेटरी बेल’मध्येही हाच अर्थ टिकून आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४३८ खाली असलेली ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४८२ मध्ये आहे. तिचे मराठी नाव ज्याने घडवले त्याने ‘अपेक्षित जामीन’ असा शब्द न करता ‘पूर्व’ हा शब्द पकडला, हे मला फार नेमके वाटते.

‘एक्स्पेक्ट’मध्ये घेणे नाही, पाहणे आहे. ‘एक्स’ म्हणजे बाहेर आणि ‘स्पेक्तारे’ म्हणजे निरखून पाहणे. आपल्या ‘अपेक्षा’ आणि ‘प्रतीक्षा’ या दोन्ही शब्दांत ‘ईक्ष्’ म्हणजे पाहणे हाच धातू आहे, तेव्हा ‘एक्स्पेक्टेशन’ला ‘अपेक्षा’ हा प्रतिशब्द आतूनही जुळतो. ‘पाऊस येईल असे वाटते’ एवढेच सांगायचे असेल तर ‘एक्स्पेक्ट’ पुरे; पाऊस येणार हे ओळखून कौले आधीच चाळून घेतली, तर ते ‘अँटिसिपेट’. आजच्या इंग्रजीत हा भेद बराच पुसट झाला असला, तरी लिहिताना तो पाळावा असे माझे मत आहे.

आता ‘वेट’. तुमच्या परिचितांना फसवणारा योगायोग मोठा गोड आहे, पण तो योगायोगच. ‘वाट’ संस्कृत ‘वर्त्मन्’वरून प्राकृतमार्गे मराठीत आली, ‘वेट’ हा शब्द उत्तर फ्रान्सच्या जुन्या बोलीतून इंग्रजीत शिरला आणि त्याचे मूळ जर्मानिक आहे. ‘वॉच’ आणि ‘वेक’ ही त्याची भावंडे, कारण त्याचा पहिला अर्थ जागे राहून पहारा देणे असा होता. नाते जुळते ते ‘वाट’शी नव्हे, तर ‘वाट पाहणे’तल्या ‘पाहणे’शी, आणि तेही केवळ अर्थाने.

‘सस्पेन्स’ तर मराठी माणसाला समजावून सांगण्याची गरजच नाही. त्याच्या मुळाशी लॅटिनमधील टांगून ठेवणे ही क्रिया आहे आणि निकालाच्या आदल्या रात्री आपलाही जीव टांगणीलाच लागलेला असतो.

आणखी एक शब्दप्रयोग तुम्ही विचारलेला नाही, पण तो याच विषयातला आहे : ‘ऑन टेंटरहुक्स’. इंग्लंडात लोकरीचे कापड धुऊन, कुटून दाट केले, की ओलेपणी ते आक्रसू नये म्हणून ‘टेंटर’ नावाच्या लांब लाकडी चौकटीवर ताणत आणि त्याच्या कडा वाकड्या खिळ्यांत अडकवून उघड्यावर वाळत ठेवत. उत्कंठेने जीव असा चहूबाजूंनी ताणला जातो, तेव्हा माणूस त्या खिळ्यांवर असतो. ‘टेंटर’च्या मुळाशी लॅटिन ‘तेन्देरे’, म्हणजे ताणणे, आहे. ‘टेन्शन’ही त्यातूनच निघाले. हे ‘तेन्देरे’ आणि संस्कृत ‘तन्’ एकाच प्राचीन मूळ धातूतून आलेले असल्यामुळे, ‘वाट’ आणि ‘वेट’ यांच्यात जे नाते तुमच्या परिचितांना दिसले, ते ‘ताण’ आणि ‘टेन्शन’ यांच्यात मात्र खरोखरच आहे.