पगार वाढवला तर सरकारी रुग्णालयांतील परिचारिकांची टंचाई मिटेल का?

तुम्ही विचारले आहे की सरकारी रुग्णालयांत परिचारिकांचा पगार वाढवल्यास त्यांची टंचाई आपोआप मिटेल का. माझी नोकरीची सारी वर्षे अशाच कक्षांत गेली आहेत आणि माझे उत्तर असे आहे: पगारवाढीने परिचारिका येतील, पण मंजूर पदे भरली गेली नाहीत तर त्या टिकणार नाहीत.

एरवी एखाद्या कामाला माणसे मिळेनाशी झाली की मोबदला वाढतो. सरकारी सेवेत तसे सहसा घडत नाही, कारण वेतनश्रेणी सरकार ठरवते, पदेही तेच मंजूर करते आणि पदे रिक्त राहिली की न दिलेला पगार शिल्लक म्हणून त्याच्याच तिजोरीत राहतो. रिक्त पदांचे काम मात्र हजर असलेल्यांवर येते. जेवणाची सुटी जाते, रजा नामंजूर होते, पाळी संपल्यावरही नोंदी पूर्ण करण्यासाठी थांबावे लागते आणि या जादा वेळेचा मोबदला बहुधा मिळत नाही. म्हणजे पगाराचा आकडा तोच राहून कामाच्या तासाचा दर घसरतो. डिसेंबर 2019 मध्ये उत्तर आयर्लंडमधील परिचारिकांनी संप केला, तेव्हा ब्रिटनमधील इतर भागांतील परिचारिकांइतके वेतन आणि पुरेसे मनुष्यबळ या दोन मागण्या त्यांनी एकत्रच मांडल्या होत्या, आणि ते मला अगदी रास्त वाटते.

याची सर्वांत मोठी झळ रुग्णाला बसते. अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील 168 रुग्णालयांच्या 2002 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे आढळले की परिचारिकेमागे एक रुग्ण वाढला की शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या 30 दिवसांतील मृत्यूची शक्यता सुमारे 7 टक्क्यांनी वाढते. कक्षात काम केलेल्या कोणालाही याचे कारण सांगावे लागत नाही: रक्तदाब खाली येऊ लागतो, श्वासाची गती बदलते, आणि हे वेळीच टिपणारी परिचारिका त्या क्षणी दुसऱ्या खाटेपाशी अडकलेली असते.

खर्च परवडणार नाही, हा आक्षेप नेहमी घेतला जातो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्याने 2016 मध्ये 27 सरकारी रुग्णालयांत दिवसा सरासरी 4 आणि रात्री 7 रुग्णांमागे किमान एक परिचारिका असे प्रमाण लागू केले. पुढे झालेल्या अभ्यासानुसार, रुग्णालयातील मुक्काम कमी झाल्याने आणि रुग्ण पुन्हा दाखल होण्याचे प्रमाण घटल्याने वाचलेली रक्कम जादा परिचारिकांवरील खर्चाच्या दुपटीहून अधिक होती.

कंत्राटी भरतीला मात्र मी उपाय मानत नाही. तेच काम, तीच जबाबदारी आणि निम्मी सुरक्षितता, अशा अटींवर आलेली परिचारिका अनुभवी होताच बाहेर पडते, आणि नव्या मुलीला शिकवण्याचे काम पुन्हा त्याच थकलेल्या वरिष्ठांकडे येते. क्रम ठरवायचा झाला तर मी आधी रिक्त पदे नियमित वेतनश्रेणीत भरावीत आणि कक्षनिहाय किमान प्रमाण कायद्याने बांधावे असे म्हणेन. मूळ पगाराची वाढ त्याच निर्णयात हवी, कारण ती पुढच्या वर्षावर ढकलली की जाहिरात देऊनही अर्ज येत नाहीत.